झाडाला बेताने आजारी पाडायचं कसं: अगरच्या राळेची गोष्ट

माझ्या मामाची दोडामार्गच्या बाजूला पोफळीची बाग आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक माणूस येऊन गेला, इन केलेला शर्ट, हातात टॅब, आणि त्याने सांगितलं की पोफळींच्या मधल्या जागेत अगरवूडची रोपं लावा, आठ वर्षांनी एकेका झाडाचे लाख रुपये, झाडाला द्यायचं इंजेक्शन पण आमचंच आणि माल पण आम्हीच उचलणार. मामाने रात्री मला फोन केला. लाख रुपयांबद्दल एक शब्द नाही, त्याचा प्रश्न वेगळाच होता, "बाकीचा ऱ्हवांदे, पण झाडाक इंजेक्शन कित्याक?"

मी शेतीचंच शिकलोय, तरी मला धड उत्तर देता आलं नाही आणि त्याची लाज वाटली. मग कॉलेजचा एक मित्र मूळचा आसामातल्या गोलाघाटचा, त्याच्या घरी आठवडाभर जाऊन राहिलो, परत आल्यावर जमेल तेवढं वाचलं, आणि आता मामाला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं सविस्तर.

आधी एक गंमत. आपण मराठीत उदबत्ती म्हणतो आणि अगरबत्ती पण म्हणतो. अगर म्हणजे संस्कृतातला अगुरु, आणि उद म्हणजे अरबी ऊद, ज्याचा मूळ अर्थ नुसता लाकूड. म्हणजे दोन्ही शब्दात एकच झाड बसलंय. आणि आज बाजारात मिळणाऱ्या उदबत्तीत बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटायला जिगट आणि वरून सेंट, अगर शोधून सापडायचं नाही. आपण घरात धुरी द्यायला जो ऊद आणतो तो पण बहुतेक वेळा लोबानासारखा दुसऱ्याच झाडाचा चीक असतो. नाव तेवढं राहिलं, लाकूड गेलं अरबांकडे आणि जपान्यांकडे.

तर झाड. शास्त्रीय नाव ॲक्विलारिया, याच्या वीसेक जाती आहेत, आपल्या ईशान्य भारतातली ती ॲक्विलारिया मॅलॅसेन्सिस, व्हिएतनाम-थायलंड-कंबोडियाकडे क्रासना, दक्षिण चीनमधे सायनेन्सिस. आसामात याला साँची म्हणतात आणि जुन्या काळी याच्या सालीवर पोथ्या लिहायचे, त्याला साँचीपात म्हणत. वरच्या आसामात घरोघर परसात हे झाड दिसतं, सुपारीच्या मधे, त्यावर पानवेल चढवलेली, मला तर क्षणभर गोव्यातल्या कुळागरात आल्यासारखंच वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट, जी तो टॅबवाला माणूस सांगत नाही किंवा घाईघाईत सांगतो. निरोगी अगरच्या झाडात काहीही नसतं. लाकूड पांढरट, हलकं, मऊ, आणि वास शून्य. चंदनाचं तसं नाही, चंदनाचं झाड वाढलं की वयाप्रमाणे आतला गाभा आपोआप तयार होतो, तुम्ही नुसतं राखत बसलात तरी (चोरीला गेलं नाही तर) काहीतरी हाती लागतं. अगरचं धष्टपुष्ट झाड तुम्ही चाळीस वर्षं लेकरासारखं सांभाळलंत, एक ओरखडा उठू दिला नाहीत, तर चाळीस वर्षांनी तुमच्याकडे खोकी करायला सुद्धा बरं नाही असं लाकूड असेल. ज्याला बाजार पैसे मोजतो ती काळी सुगंधी राळ, आणि ती झाड फक्त जखम झाल्यावर, आतून काहीतरी कुजायला किंवा पोखरायला लागल्यावर तयार करतं. जंगलात दहात एखाद्या झाडातच ती सापडते असं मानलं जातं, आणि कुठल्या झाडात आहे ते बाहेरून नीट कळत नाही, म्हणून लोक नऊ झाडं फुकट तोडत गेले आणि जंगलं साफ झाली.

विदर्भातल्या वाचकांना हे पटकन कळेल. संत्र्याला डिंक्या लागतो, खोडातून डिंक ओघळायला लागतो, आपण घाबरून साल खरवडतो आणि बोर्डो पेस्ट लावतो. तो डिंक म्हणजे झाडाने केलेली मलमपट्टीच असते. आता अशी कल्पना करा की संत्र्यांना भाव नाही आणि त्या डिंकाला सोन्याचा भाव आहे. मग तुम्ही बोर्डो पेस्ट लावाल का? तुम्ही डिंक्या मुद्दाम लावाल, आणि झाड मरणार नाही पण बरं पण होणार नाही असं त्याला वर्षानुवर्षं ठेवाल. अगरची शेती म्हणजे हेच, आजाराची शेती. (डिंक आणि राळ या रसायनाच्या दृष्टीने वेगळ्या वस्तू आहेत, पण वृत्ती तीच.)

मित्राच्या वडिलांकडे एक दृश्य बघितलं ते विसरता येत नाही. आमच्या कोकणात आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की घरात सुतक आल्यासारखं होतं, म्हणजे भिरूड लागला, मग तार घालून अळी ओढून काढा, औषध सोडा, भोक मातीने लिंपा. इथे काका सकाळी चहा पीत परसातनं फिरत होते, एका झाडाच्या बुंध्याशी तसाच भुसा दिसला, आणि त्यांचा चेहरा खुलला. वाकून भोक बघितलं, बोटाने भुसा बाजूला केला, मला बोलावून दाखवलं, "देखो, पोका लगा है!" अळी आत गेलीय म्हणून एवढा आनंद झालेला शेतकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खोड पोखरणारी झ्युझेरा नावाच्या पतंगाची अळी असते, ती आत वेडीवाकडी बोगदे काढते, त्या बोगद्यातून बुरशी शिरते, आणि दोघं मिळून जे काम फुकटात करतात त्याची नक्कल करायलाच बाकी सगळ्या पद्धती निघाल्यात.

आता आत काय होतं ते बघू, कारण हे कळलं की इंजेक्शनवाल्याच्या निम्म्या थापा आपोआप ओळखता येतात.

साधारण झाडात अन्न वाहून नेणारा जिवंत थर सालीच्या आतल्या बाजूला असतो, आणि त्याच्या आतलं लाकूड बरंचसं मेलेलं, नुसते पाण्याचे पाइप. अगरच्या झाडाची रचना जरा वेगळी. त्याच्या लाकडाच्या आतसुद्धा त्या जिवंत थराची छोटी छोटी बेटं विखुरलेली असतात, म्हणजे भिंतीत जागोजागी कोनाडे ठेवावेत आणि प्रत्येक कोनाड्यात एकेक कणगी भरून ठेवावी तसं. या कणग्यांमधे स्टार्च असतो. जखम झाली, बुरशी आली की या जिवंत पेशींना धोक्याची सूचना मिळते आणि त्या आपला साठवलेला स्टार्च मोडून त्यातून राळ करायला घेतात. करत करत शेवटी त्या पेशी स्वतः मरतात आणि राळेने भरलेला कोनाडा मागे राहतो. पाण्याचे पाइप पण त्याच राळेने बुजतात, त्यामुळे बुरशीला पुढे सरकता येत नाही. झाडाच्या दृष्टीने ही नाकाबंदी, आपल्या दृष्टीने अत्तर.

हे डोळ्यांनी बघता येतं. काकांकडे खिळे मारलेल्या झाडाचा एक ओंडका उभा चिरून ठेवला होता. प्रत्येक खिळ्याभोवती काळपट तपकिरी डाग, पण गोल नाही, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा वर आणि खाली लांबलेला, आडवा मात्र जेमतेम बोटभर. कारण पाइप उभे जातात, त्यामुळे बुरशी आणि तिच्याविरुद्धचा बंदोबस्त दोन्ही उभेच पसरतात. खिळ्याला अगदी चिकटून जो भाग होता तो कुजून भुसभुशीत झालेला, त्यात वास नाही. त्याच्या बाहेर काळा पट्टा, तोच माल. त्याच्या बाहेर फिकट तपकिरी, आणि मग एकदम पांढरं लाकूड. मला शाळेतला प्रयोग आठवला म्हणून घरातलं बीटाडीन आणून त्या कापावर थेंब थेंब टाकलं. पांढऱ्या भागावर लगेच निळे-काळे ठिपके उठले, रांगोळीचे ठिपके टाकावेत तसे, म्हणजे तिथे स्टार्च आहे. तपकिरी भागाकडे सरकत गेलो तसे ठिपके कमी झाले आणि काळ्या पट्ट्यात काहीच नाही, औषध नुसतं ओघळून गेलं. कणग्या रिकाम्या झाल्या होत्या. काका हसले, म्हणाले इतकी वर्षं हेच करतोय पण औषध लावून कोणी बघितलं नव्हतं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं सार यातच आहे. एक, राळ इंजेक्शनमधून येत नाही, झाडाने साठवलेल्या अन्नातून येते, म्हणजे झाड हडकुळं असेल, पानं अळ्यांनी खाल्लेली असतील, तर कितीही महागाचं औषध घाला, कणगीत दाणाच नाही तर पीठ कुठून येणार. दोन, राळ जिवंत पेशी करतात. झाड मेलं की कारखाना बंद. म्हणून डोस कमी पडला तर झाड जखम भरून मोकळं होतं, जास्त झाला तर झाड वाळतं, आणि या दोन्हीच्या मधली जी अरुंद वाट आहे तिच्यावरून झाडाला दोन-तीन वर्षं चालवायचं असतं.

धोक्याची सूचना कशी जाते याचं पण एक छान आहे. जखमेनंतर झाडात जी रसायनं निरोप घेऊन पळतात त्यातलं मुख्य जॅस्मोनेट कुटुंबातलं, आणि हे नाव जॅस्मिनवरून आलंय कारण त्यातलं एक रसायन पहिल्यांदा चमेलीच्या तेलात सापडलं होतं. म्हणजे एका अत्तराच्या फुलातलं द्रव्य दुसऱ्या अत्तराच्या लाकडात धोक्याची घंटा वाजवतं. त्या घंटेवर झाडातली काही जनुकं चालू होतात आणि मग मुख्यतः दोन प्रकारचे पदार्थ तयार होतात. सेस्क्विटर्पीन म्हणून एक गट, हे उडतात, तेलात उतरतात, अत्तराचा वास यांचा. आणि दुसरा गट क्रोमोन, हे जड, थंडीत गप्प बसतात पण निखाऱ्यावर लाकूड ठेवलं की तुटून वास देतात. त्यामुळेच अगरचं तेल आणि जळणाऱ्या तुकड्याचा धूर यांचा वास वेगवेगळा येतो, आणि अरब लोक तुकडा निखाऱ्यावर ठेवून कपड्यांना धुरी देतात त्याचा दर्जा वेगळा मोजला जातो.

आता पद्धती. सगळ्यात जुनी म्हणजे कुऱ्हाडीने घाव घालायचे, साल सोलायची, आणि नशिबावर सोडून द्यायचं. मग खिळे. लोखंडी खिळे खोडात रांगेने ठोकून ठेवायचे, स्वस्त आणि मस्त, जखम पण राहते आणि लोखंड गंजत राहतं. अडचण ही की राळ फक्त त्या ज्योतीएवढ्या डागात मिळते आणि नंतर पटाशीने एकेक डाग कोरून काढत बसावं लागतं. काकांच्या ओसरीवर तीन बायका दिवसभर तेच करत होत्या, पांढरं लाकूड खरवडून टाकायचं, काळं तेवढं ठेवायचं, पटाशी इतकी हलकी चालते की वाटावं बटाटा सोलतायत. खिळ्यांऐवजी ड्रिल मशीनने भोकं पाडायची पद्धत पण आहे, त्यात एक पथ्य असं की भोकं खोडाभोवती गोल जिना चढावा तशी तिरकी वर वर न्यायची, एकाच उंचीवर सगळीकडून पाडली तर झाडाचा गळाच आवळला जातो आणि वारा आला की तिथूनच मोडतं.

पण नुसत्या भोकाची एक गोची आहे. अगरची साल फार पटकन भरून येते. झाडाला वाटतं जखम भरली, विषय संपला, आणि राळ बंद. इथे मिनेसोटा विद्यापीठाचे रॉबर्ट ब्लँचेट यांचं काम येतं. हे गृहस्थ झाडांच्या आजारांचे प्रोफेसर, त्यांनी १९९० च्या दशकापासून व्हिएतनाममधे लागवडीच्या अगरवर प्रयोग केले आणि उपाय काढला तो ऐकायला अगदी साधा आहे, भोकात भोकं असलेली प्लॅस्टिकची नळी बसवायची. नळीमुळे जखम उघडी राहते, हवा खेळत राहते, आणि त्याच वाटेने झाडाला डिवचणारं द्रव्य पण आत सोडता येतं. म्हणजे खपली धरूच द्यायची नाही. वाचताना जरा अंगावर येतं खरं.

दुसरी वाट बुरशीची. जंगलात आजारी पडलेल्या झाडातून बुरशी वेगळी काढायची, लॅबमधे वाढवायची, आणि द्रवात घालून भोकातून सोडायची. आपल्याकडे जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय. रसायनापेक्षा बुरशीचा फायदा असा की ती जिवंत असते, हळूहळू पुढे सरकते, आणि ती सरकत राहते तोवर झाड राळ करत राहतं, म्हणजे रोज दारावर येऊन टकटक करणारा वसुलीवाला समजा. तोटा पण तोच, जिवंत वस्तूवर तुमचा ताबा नसतो, एखाद्या झाडात जोरात पसरते, शेजारच्यात मरून जाते.

आणि इथे एक गोष्ट आमच्या कोकणातल्यांसाठी मुद्दाम सांगतो, कारण ती मला ब्रोशरमधे कुठेच दिसली नाही. अगरमधे ज्या बुरश्या सापडतात त्यात फ्युझेरियम आहे, ज्याच्या कुळातली एक आपल्या हरभऱ्याला मर आणते, आणि लॅसिओडिप्लोडिया आहे, जी आंब्याच्या फळाला देठाकडून कुजवते. म्हणजे हापूसच्या बागेच्या बांधावर तुम्ही नाव-गाव नसलेल्या बाटलीतली बुरशी झाडात सोडताय. या बुरश्यांचा प्रत्येक वाण आंब्याला त्रास देईलच असं मी म्हणत नाही, पण बाटलीत नेमकं काय आहे हे विचारल्याशिवाय ती बागेत आणू नये एवढं नक्की म्हणतो. मामाने विचारलं तेव्हा त्या माणसाचं उत्तर होतं, "ते आमचं सीक्रेट आहे."

तिसरी वाट म्हणजे सलाईन, आणि मामाच्या इंजेक्शनचं मूळ बहुतेक इथे आहे. २०१३ मधे चिनी संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, खोडात खाली दोन-चार बारीक भोकं, त्यात नळ्या, आणि वर टांगलेली द्रवाची पिशवी, हुबेहूब हॉस्पिटलमधल्यासारखी. झाड पानांमधून पाणी उडवतं आणि खालून ओढून घेतं ना, त्याच ओढीवर हे द्रव खोडभर, फांद्यांपर्यंत आणि मुळांपर्यंत पण पसरतं. मग ज्योतीएवढा डाग न येता आख्ख्या खोडात राळेचं कडं तयार होतं. त्यांनी वीस महिन्यांनी झाडं तोडून मोजलं तेव्हा जुन्या पद्धतींपेक्षा ४ ते २८ पट माल निघाला. आकडा मोठा आहे, पण ४ आणि २८ यात केवढं अंतर आहे ते पण बघा, आणि ते त्यांच्या देशात, त्यांच्या जातीच्या झाडावर, माहीतगार हातांनी केलेलं काम होतं.

या पिशव्यांमधे आणि इंजेक्शनांमधे काय घालतात? प्रयोगांमधे मीठ, फेरस क्लोराइड, सोडियम बायसल्फाइट, फॉर्मिक ॲसिड, यीस्टचा अर्क, असं बरंच काही वापरून झालंय. त्यात जादू काही नाही, काही पदार्थ पेशींना भाजतात, काही बुरशी आली असा भास करून देतात, घंटा वाजल्याशी मतलब. मात्र नुसतं ॲसिडने भाजलं तर लाकूड लवकर काळं पडतं, आणि काळं म्हणजे राळ नव्हे. हे वाक्य मामाला मी तीनदा ऐकवलंय.

मग राळ आहे की नुसता रंग, कळणार कसं? घरगुती चाचणी म्हणजे निखाऱ्यावर चिमूटभर ठेवायचं, खऱ्या मालाला बुडबुडे येतात, तेल सुटतं, धूर गोडसर आणि खूप वेळ रेंगाळणारा, नुसतं भाजलेलं लाकूड जळक्या लाकडासारखंच वास मारतं. चाचणी लॅबमधे करायची तर अल्कोहोलमधे किती विरघळतं ते मोजतात, चीनच्या अधिकृत औषधकोशात अगरला किमान १० टक्के अर्क निघालाच पाहिजे अशी अट आहे. आणि सगळ्यात जुनी चाचणी पाण्याची. राळ गच्च भरलेला तुकडा पाण्यात बुडतो, चिनी नावाचा अर्थच बुडणारा सुगंध असा आहे. आपल्याकडे अगुरु शब्दाची एक फोड 'जड नसलेला' अशी करतात, ती बहुतेक कोणीतरी पांढरं लाकूड हातात घेऊन केली असावी. ही चाचणी पण फसवता येते म्हणा, वजन भरून आणि रंग देऊन नकली तुकडे करणारे कलाकार भरपूर आहेत. जपानमधे नारा इथल्या शोसोइन नावाच्या जुन्या कोठारात रांजाताई नावाचा अगरचा एक ओंडका शेकडो वर्षं जपून ठेवलाय, साधारण ११.६ किलोचा, आणि १५७४ साली ओदा नोबुनागा नावाच्या सरदाराने बादशहाच्या परवानगीने त्यातला एक छोटा तुकडा कापून घेतला ही त्यांच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी घटना समजली जाते. एका लाकडाच्या ढलपीसाठी!

वेळेचं गणित पण समजून घ्या. रोप लावल्यापासून खोड मांडीएवढं व्हायला पाच-सहा ते आठ वर्षं, जमीन आणि पाण्यावर अवलंबून. त्याच्या आधी टोचाटोची केली तर झाड वाढायचं थांबतं आणि कणगीत काही नसतं. टोचल्यावर पुढे किमान दीड-दोन वर्षं, आणि जेवढं थांबाल तेवढी राळ घट्ट आणि वास खोल. लवकर तोडलेला माल तेलाला जातो, त्या हलक्या तेलाला आसामात बोया म्हणतात. चांगल्या तुकड्याला लाखांत भाव आणि हलक्याला काही हजारांत, दोन्ही 'अगरवूड'च, त्यामुळे ब्रोशरवर वरचा भाव आणि शेतात खालचा माल अशी गंमत सहज होते.

तेल काढतात ती जागा पण बघितली. लाकडाचा भुगा आधी ड्रममधे पाण्यात भिजत घालतात, दोन आठवडे, महिना, कधी जास्त, तो आंबतो. त्या शेडमधे पाऊल टाकल्यावर मला वाटलं इथे गोठा आहे, आंबट, शेणकटासारखा वास, आणि तो वास तेलात पण थोडा उतरतो, आसामी ऊदची तीच ओळख आणि अरबस्तानात त्याचेच शौकीन. मग डेगमधे, म्हणजे मोठ्या हंड्यात घालून कित्येक दिवस-रात्र खालून जाळ, वाफ थंड करायची, पाण्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर बोटाने किंवा पिसाने टिपायचा. क्विंटलभर भुग्याचं कधीकधी एका लहानशा बाटलीत मावेल एवढंच तेल निघतं आणि ते विकतात तोळ्यावर. आसामच्या होजाईकडून मुंबईत येऊन अत्तराच्या धंद्यात शिरलेली आणि पुढे आखातात गेलेली घराणी आहेत, मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे 'आसाम का ऊद' म्हणून बाटली काढतात त्यामागे हा गोठ्याच्या वासाचा ड्रम असतो.

कायद्याचं थोडक्यात. जंगलातली झाडं संपत आली म्हणून १९९५ पासून आपली मॅलॅसेन्सिस आणि २००५ पासून सगळ्याच ॲक्विलारिया जाती साइट्स (CITES) या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत, म्हणजे निर्यात बंद नाही पण कागदपत्रं आणि कोटा लागतो. आसामने २०२० मधे अगरचं धोरण आणलं, त्रिपुराने २०२१ मधे, आणि २०२४ मधे भारताचा निर्यात कोटा वाढून चिप्स आणि पावडर मिळून वर्षाला १,५१,०८० किलो आणि तेल ७,०५० किलो असा झाला. तुमच्या बांधावरचं झाड तुमचं असलं तरी तोडायला, वाहतुकीला आणि बाहेर पाठवायला वेगवेगळे कागद लागणार, आणि लावतानाच त्याची नोंद करून ठेवलेली बरी.

आता मामा. त्याला मी एवढंच सांगितलं की त्या माणसाला म्हण, आठ वर्षांपूर्वी महाराष्ट्रात किंवा गोव्यात लावलेलं, तुमचं इंजेक्शन दिलेलं आणि तोडून विकलेलं एक झाड दाखवा, फोटो नको, ओंडका दाखवा, आडवा पण आणि उभा पण चिरलेला. आणि विक्रीची पावती. तो म्हणाला साहेबांशी बोलून सांगतो. अजून साहेबांशी बोलणं चाललेलंच आहे.

तरी मामा मामाच. शंभर रोपांची ऑर्डर रद्द केली पण दोन रोपं हौस म्हणून दुसरीकडून आणली, पोफळीच्या सावलीत पाटाच्या कडेला लावली. (रोपच आणावं लागतं, याचं बी काही दिवसांतच मरतं, पाकिटातून बी विकणारा भेटला तर चहा पाजून परत पाठवा.) आसामात मार्च-एप्रिलपासूनच पाऊस सुरू होतो, आपल्याकडे दसऱ्यानंतर मे अखेरपर्यंत ठणठणाट, त्यामुळे पाटाचं पाणी मिळालं म्हणूनच ती जगली असावीत. मधे एकदा अळ्यांनी पानं पार चाळणी करून टाकली होती, मामाने पहाटे उठून हाताने वेचल्या. आता खोडं मनगटाएवढी झालीत.

परवा फोन आला, आवाजात घाई. "अरे, जुन्या वाड्याचे दरवाजे काढले, चार बोटां लांब खिळे गावलेत. गंजलेलो खिळो चलात मां?"

म्हटलं चलात, पण अजून चार वर्षांनी. तोवर डब्यात तेल न लावता ठेव.